जुन्या सागवानी फर्निचरला घरी पॉलिश करताना या चुका टाळा

जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर बाजारातून किंवा एखाद्या वाड्याच्या आवराआवरीतून सागवानी कपाट घरी येते, आणि ते पॉलिश करायचे ठरले की बहुतेक जण आधी पॉलिश पेपर आणायला धावतात. बिघडलेल्या कामांपैकी बरीचशी इथेच बिघडतात. लाकडावर पूर्वी काय लावले आहे आणि त्या थराखाली भरीव लाकूड आहे की विनीर (प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), हे ठरवल्याशिवाय घासायला घेतले, तर पुढची प्रत्येक पायरी अंदाजाने करावी लागते.

जुना थर ओळखणे अवघड नाही. पायाच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरावा. थर चिकट होऊन कापसाला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचे, म्हणजे स्पिरिट पॉलिश आहे. स्पिरिटने काही झाले नाही, पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने थर मऊ पडला, तर ते लॅकर समजावे. दोन्हींना दाद न देणारा थर बहुधा मेलामाइनचा किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) असतो. या चाचणीचा खरा फायदा असा की लाखेचा थर निघाला, तर घासण्याची फारशी गरजच राहत नाही. स्पिरिट आणि नायलॉनची खरखरीत घासणी यांनी तो विरघळून निघतो, आणि वर्षानुवर्षांच्या उजेडाने सागाला आलेला गडद रंग शाबूत राहतो. तो रंग पॉलिश पेपरने उतरवून नंतर डब्यातल्या स्टेनने, म्हणजे लाकूड रंगवायच्या द्रवाने, परत आणण्याचा खटाटोप मला तरी अनाकलनीय वाटतो. मात्र स्पिरिट झटकन पेट घेते, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवूनच हे काम करावे.

फर्निचरवर जुना ऑइल पेंट असेल, तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादित करणारा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे, कारण त्याची धूळ लहान मुलांना विशेष घातक असते. असा रंग पेंट रिमूव्हर लावून ओला असतानाच खरवडावा.

विनीर ओळखायचे असेल, तर फळीची कड पाहावी. वरच्या पृष्ठभागावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसल्या नाहीत आणि कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असली, तर ते विनीर असण्याची शक्यता मोठी. आजचे विनीर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ असते, आणि मशिनने घासताना ते कधी संपले हे खालचा प्लाय दिसेपर्यंत कळत नाही. त्यावर दुसरा उपाय नाही; तेवढा भाग नवीन विनीरने मढवावा लागतो.

भरीव लाकूड घासताना होणारी नेहमीची चूक म्हणजे 80 नंबरच्या खरखरीत कागदावरून थेट 220 च्या बारीक कागदावर उडी मारणे. 80 चे ओरखडे 220 ने जात नाहीत, फक्त झाकल्यासारखे दिसतात, आणि स्टेन लावताच काळ्या रेषा होऊन वर येतात. मधले 120 आणि 180 घ्यावेत, आणि हात कायम रेषांच्या दिशेनेच फिरवावा. शेवटी पृष्ठभाग स्पिरिटने पुसून बल्बचा उजेड तिरका पाडला, की राहिलेले ओरखडे आणि सांध्यातून बाहेर आलेल्या फेव्हिकॉलचे फिकट डाग दोन्ही दिसतात. हे डाग तसेच राहिले, तर तिथे स्टेन धरत नाही.

डुगडुगणारी खुर्ची खिळे ठोकून घट्ट करू नये. जुन्या सांध्यात वाळलेला सरस असतो, त्यावर फेव्हिकॉल लाकडाला धरत नाही. सांधा सोडवून, कोमट पाण्याने सरस मऊ करून खरवडावा, लाकूड पूर्ण वाळू द्यावे आणि मगच चिकटवावे. खिळ्यांच्या भोवती पडलेले काळे डाग लोखंड आणि लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने होतात. घासून ते क्वचितच जातात, ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाने जातात. पण ते विषारी असल्याने हातमोजे घालावेत आणि नंतर लाकूड पाण्याने दोन-तीनदा धुवावे.

बारीक भोके आणि त्यांच्याखाली पिठासारखी ताजी भुकटी दिसली, तर किडा अजून आत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा लागत नाही, बाहेरच्या फिकट लाकडाला लागतो. भोके लांबी (पुटी) भरून बुजवण्याआधी वाळवी आणि लाकूड पोखरणारे किडे यांवरचे औषध त्यात सोडावे, आणि आठवडाभर भुकटी पुन्हा पडते का ते पाहावे.

पॉलिश लावल्यावर दिसणारे दोष बहुतेक वेळा आधीच घडलेले असतात. थरात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडले, तर पूर्वी कधीतरी चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असतो. मिनरल टर्पेंटाइनने, प्रत्येक वेळी कापड बदलून, पृष्ठभाग पुसावा आणि मेणविरहित लाखेचा एक पातळ हात देऊन पुढे जावे. पावसाळ्यात स्पिरिट पॉलिशवर पांढुरकी झाक येते, कारण स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर जमतो. हा थर खरवडायची गरज नाही. कोरड्या दिवशी, स्पिरिटने नुसती ओलसर केलेली, कापडात कापूस गुंडाळलेली पुरचुंडी झरझर फिरवली की बहुधा झाक निघते. पॉलिश दोन दिवसांनीही चिकट राहिले, तर मात्र दोष बाटलीत आहे. स्पिरिटमध्ये विरघळवून ठेवलेली लाख महिनोन्महिने राहिली की नीट वाळत नाही. तो थर काढून ताज्या लाखेचे पॉलिश करावे, आणि जुनी बाटली पातळ करून संपवायचा मोह टाळावा.

जवसाचे तेल वापरले असेल, तर त्याची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, आणि गोळा झालेले कापड आपोआप पेटू शकते. ती मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक वाळू द्यावीत किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावीत.