पडवीतला फोटो: आधी जागा बदला, मग एडिटिंग

आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला तिचा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी एका लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून घेतला. नखाएवढा चेहरा फूटभर केल्यावर व्हायचं तेच झालं. डोळे कुठले आणि सावली कुठली, ते आजही नीट कळत नाही. तेव्हापासून मी घरातल्या माणसांचे फोटो मन लावून काढते, आणि तेही साध्या फोनवर. दर मे महिन्यात गुहागरला गेले की आईचा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडतानाचा एक फोटो ठरलेला. पहिल्या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर आई तीच, पडवी तीच, फोनसुद्धा तोच. तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कशाने पडला ते सांगते.

पहिला फोटो मी उभ्यानेच काढला होता. त्यात आईचा भांग आणि कपाळ तेवढं दिसतं, चेहरा खाली गेलेला. मागे खळ्यातलं, म्हणजे अंगणातलं, ऊन पांढरं फटक पडलंय, त्यामुळे पडवीत बसलेली आई काळवंडलेली. खांबावरच्या खुंटीला पिशवी लटकतेय, ती थेट तिच्या डोक्यातून उगवल्यासारखी वाटते. कडेला तांब्याचा हंडा चमकतोय आणि नजर आधी तिकडेच जाते. ज्यासाठी फोटो काढला ते तिचे लालभडक झालेले हात मात्र तळाला मनगटाशी कापले गेलेत.

पहिली सुधारणा फुकटची आहे: खाली बसा. माझ्या मामाकडे याशिका मॅट हा जुना रोलचा कॅमेरा होता. तो गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून काचेत डोकावून बघायचं. त्यामुळे मामाचे सगळे फोटो आपोआप कमरेच्या उंचीवरून यायचे, आणि पाटावर बसलेली माणसंही त्यात ताठ, रुबाबदार दिसायची. एका रोलमध्ये बाराच फोटो, म्हणून काचेत बराच वेळ बघून मगच तो बटण दाबायचा. फोन आपण डोळ्यांसमोर धरतो आणि उभ्यानेच फोटो काढतो, म्हणून जमिनीवर बसलेलं माणूस खुजं दिसतं. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीला फोन आणा. लहान मुलं, गुरं, चुलीशी बसलेली बाई, सगळ्यांना हे लागू आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटो कशाचा, ते बटण दाबण्याआधी मनात एका वाक्यात म्हणा. ‘आई रातांबे फोडतेय’ हे पुरेसं नाही. ‘आईची बोटं लाल झालीत आणि ती खाली बघून हसतेय’ असं म्हटलं की हंडा, पिशवी, चपला यांचं इथे काम नाही हे आपोआप समजतं. मग पडद्याचे चारही कोपरे एकदा नजरेखालून घाला. आपलं लक्ष मधल्या माणसावर असतं आणि कचरा कडांना जमतो. दर वेळी वस्तू उचलायला नको. मी दोन पावलं डावीकडे सरकले आणि हंडा खांबाआड गेला. थोडी खाली झाले तर पिशवी चौकटीच्या वर निघून गेली.

आता उजेड. पडवीचं कोडं असं की बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत अंधार. घरात बसून बाहेरच्या दिशेने फोटो काढला की माणूस काळं पडणारच. मी आणि आईने जागा बदलल्या. ती पडवीच्या कडेला खळ्याकडे तोंड करून बसली आणि मी बाहेर पायरीवर, उन्हाकडे पाठ करून. खळ्यावरून उसळलेला मऊ उजेड तिच्या चेहऱ्यावर आला आणि मागे घराचा अंधार राहिला. त्या अंधारात फडताळ, वायर, दोरीवरचे कपडे, सगळं गडप. दुपारच्या बाराच्या उन्हातही ही युक्ती चालते, फक्त ऊन थेट चेहऱ्यावर यायला नको. अंगावर कवडसा पडत असेल तर हातभर आत सरकायला सांगा.

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे पडवीला निळं प्लास्टिक बांधतात. त्याच्या आड बसलेल्या माणसाचा चेहरा निळसर येतो. उघड्या जांभ्याच्या भिंतीला खेटून बसलं की गालावर तांबूस झाक येते. एका बाजूने निळं आणि दुसऱ्या बाजूने पिवळ्या बल्बचं, असं मिसळलं तर ते एडिटिंगमध्ये धड सुटत नाही: निळं काढायला जावं तर पिवळं भडकतं. म्हणून बल्ब बंद करा आणि माणसाला प्लास्टिकपासून लांब बसवा.

फोनच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करा. दोन उभ्या, दोन आडव्या रेघा येतात आणि चौकटीचे नऊ भाग पडतात. मुख्य गोष्ट या रेघांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवायची, हा एक-तृतीयांशाचा नियम. फोटोग्राफीपेक्षाही तो जुना आहे: जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली देखाव्यांच्या चित्रांविषयी लिहिताना त्याला हे नाव दिलं. माझ्या फोटोत आईचा चेहरा उजवीकडच्या वरच्या छेदावर आहे आणि रातांब्यांची पाटी डावीकडे खाली. ती पाटीकडे बघतेय, म्हणून बघणारेही चेहऱ्यावरून हातांवर आणि हातांवरून पाटीत जातात. माणूस ज्या बाजूला बघतं तिकडे मोकळी जागा सोडा, एवढं पाळलं तरी खूप. पण देव्हारा, रांगोळी किंवा दारासमोरचं तुळशीवृंदावन मधोमधच शोभतं. तिथे नियमाच्या मागे लागू नका.

आणखी काही बारीकसारीक. लेन्स सुती कपड्याने पुसा, मे महिन्यात बोटांचा घाम आणि खोबरेल लागून फोटो धुरकट येतात. पडद्यावरच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि बाजूला येणारी सूर्याची खूण किंचित खाली ओढा. जरा गडद आलेला फोटो नंतर उजळता येतो, पांढरा फटक पडलेला भाग परत आणता येत नाही. बोटांनी चिमटा काढून झूम करण्यापेक्षा पुढे सरका, पण वीतभर अंतरावर जाऊ नका, नाक मोठं दिसतं. आणि ‘इकडे बघ’ म्हणू नका. आई कॅमेऱ्याकडे बघते तेव्हा तिचा चेहरा शाळेच्या ओळखपत्रावरचा होतो. मी आधी विचारते, मग शेजारी बसून गप्पा मारते आणि अधूनमधून काढत राहते. पंधरा-वीस फोटोंतला एक हवा तसा निघतो.

तो एक निवडला की एडिटिंग. मी स्नॅपसीड हे ॲप वापरते. ते फुकट आहे आणि त्यात जाहिराती नाहीत. मूळ फोटो तसाच ठेवून नेहमी प्रतीवर काम करते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी सरळ, मग काप, मग उजेड, शेवटी रंग. पडवीचा खांब तिरका दिसत असेल तर तो उभा करून घ्या. मग क्रॉप करून कडेचं नको ते काढा. फक्त माणसाला सांध्यावर कापू नका. मनगट, कोपर, गुडघा इथे कापलं की अवयव तुटल्यासारखा वाटतो, त्याऐवजी दोन सांध्यांच्या मध्ये कापा.

उजेडासाठी ‘ट्यून इमेज’मध्ये जा. गेल्या वर्षीच्या फोटोत मी हायलाइट्स, म्हणजे उजळ भाग, 30ने कमी केले, त्यामुळे पांढऱ्या पातळाच्या चुण्या दिसू लागल्या. शॅडोज, म्हणजे गडद भाग, 20ने वाढवले, त्याहून जास्त वाढवले असते तर मागचा अंधार राखाडी होऊन फडताळ पुन्हा डोकं वर काढून बसलं असतं. नंतर ‘सिलेक्टिव्ह’ने चेहऱ्यावर एक ठिपका ठेवून तेवढाच भाग थोडा उजळला. हे आकडे तुमच्या फोटोला जसेच्या तसे चालणार नाहीत, अंदाज यावा म्हणून दिले.

रंगांत मी पहिल्यांदा फसले ती लाल रंगाने. रातांब्यांचा लाल अजून खुलावा म्हणून सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, भरपूर वाढवलं आणि पाटीतल्या फळांचा एकच लाल गोळा झाला. सालीचा ओलसर चकाका, फुटलेल्या कडा, बियांभोवतीचा गर, सगळं त्या रंगात बुडालं. मुळातच भडक असलेला रंग वाढवला की आधी बारकावे मरतात. जास्वंद, कुंकू, पैठणीचा पदर यांचंही तेच होतं. आता मी सॅच्युरेशन उलट 5 ते 10ने कमी करते आणि कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदातला फरक, जरासा वाढवते. लाल रंग खोल दिसतो आणि फळ फळासारखं राहतं.

‘हीलिंग’ने जमिनीवरचा प्लास्टिकचा तुकडा काढला. आईच्या हातावरचा जुना भाजल्याचा डाग आणि सुरकुत्या यांना मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका. काम झालं की फोन तासभर बाजूला ठेवा आणि मग मूळ फोटोशी ताडून बघा. तेव्हाच अतिरेक लक्षात येतो.

आणि प्रिंट काढाच. फोनचा फोटो सहसा 4:3 मापाचा असतो आणि सहा बाय चारचा कागद 3:2चा. सहा इंच रुंदी भरायची तर उंची साडेचार होते, म्हणजे अर्धा इंच कापला जाणारच. तो लॅबमधल्या मशीनला कापू देऊ नका, आधीच स्वतः 3:2मध्ये क्रॉप करून द्या. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो लहान होऊनच पोचतो.

गेल्या वर्षीचा प्रिंट आईच्या हातात दिला तेव्हा तिने चष्मा लावून आधी पाटीच बघितली. म्हणाली, “यंदा सालं पातळ होती गो, यात कळतंय बघ.”