मावशीचा मिक्सर आणि माझे 180 दिवस

ऑनलाइन दुकानानं माझं कमिशनचं (ॲफिलिएट) खातं बंद केल्याची मेल आली तेव्हा मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात दुसऱ्याच्या बिलातली चूक शोधत बसलो होतो. दिवसा माझं काम तेच, एका कारखान्याचे हिशेब. लोकांची बिलं पै-पैला तपासणाऱ्या माणसानं स्वतः मान्य केलेल्या अटी मात्र वाचल्याच नव्हत्या. खात्यात 1,380 रुपये होते, तेही गेले. रक्कम ऐकून हसू नका, सहा महिन्यांची ती सगळी कमाई होती.

माझी साइट कोल्हापुरी पायताणावर आहे. आजोबांच्या पायात कायम कापशी चप्पल असायची. करकर ऐकू आली की ते बोळात शिरले हे घरात कळायचं आणि आम्ही पोरं अभ्यासाला बसायचो. त्यामुळं विषय शोधावा लागला नाही. डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस यावर मी काही सांगत नाही, ते तुम्हाला येतं. साइटवरच्या आपल्या लिंकवरून कुणी ऑनलाइन दुकानात खरेदी केली की दुकान आपल्याला टक्का देतं, हेही माहीत आहे. मी जिथं आपटलो तेवढी जागा नीट दाखवतो.

मी घेतलेल्या कमिशनच्या कार्यक्रमात (ॲफिलिएट प्रोग्रॅममध्ये) नव्या माणसाला मुदत होती: 180 दिवसांत किमान तीन विक्री, नाहीतर खातं बंद. पहिले शंभर दिवस माझी विक्री शून्य. लेख बावीस झाले होते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कातडं कसं कमावतात, कचकडी, बक्कलनाळी आणि पुकरी हे चपलांचे प्रकार कसे ओळखायचे, असलं सगळं. लोक यायचे, 'लई भारी' म्हणायचे आणि जायचे. दिवस सरत चालले तसा माझा धीर सुटला. घरच्या ग्रुपवर लिंक टाकली, "काहीही घ्यायचं असलं तर ह्याच्यावरनं घ्या, तुम्हाला एक रुपया जास्त पडत नाही." गडहिंग्लजच्या मावशीनं मिक्सर घेतला. आतेभावानं मोबाइल घेतला. मी स्वतः माझ्याच लिंकवरून चामड्याचे ब्रश मागवले आणि कमिशन सुटलं म्हणून बायकोला मिसळ खायला नेलं. मिसळीचं बिल कमिशनपेक्षा जास्त झालं, ते सोडा.

आता हे जरा रेंगाळून सांगतो, कारण यात एक नाही, तीन चुका आहेत. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेणं ही पहिली. घरच्यांना आपल्यासाठी म्हणून घ्यायला लावणं ही दुसरी. आणि तिसरी कुणाच्या लक्षातच येत नाही: अर्ज करताना आपण साइटचा पत्ता नोंदवतो. लिंक तिथंच लावायची असते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, खासगी मेसेजमध्ये ती फिरवायला माझ्या अटींत मनाई होती. तुमच्याही अटींत बहुतेक असेल, आज रात्री जेवण झाल्यावर काढून बघा. उद्या नको, आजच.

"त्यांना कसं कळणार?" हे मला सगळे विचारतात. मला त्यांनी कारण उलगडून सांगितलं नाही, पण हिशेबनीसाच्या नजरेनं बघा. मावशीच्या घरी दुपारी कुणी नसतं म्हणून तिचं पार्सल आमच्या पत्त्यावर आलं. ब्रशही त्याच पत्त्यावर. आतेभावाचं आडनाव वेगळं, पण पैसे माझ्या कार्डावरनं भरले होते, कारण त्यावर सूट होती. आणि तिन्ही ग्राहक साइटचं एक पानही न उघडता थेट दुकानात उगवलेले. हे माझ्या टेबलावर आलं असतं तर मीसुद्धा लाल पेन उचललं असतं. दुकान आपल्याला पैसे देतं ते अनोळखी गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल. मावशी मिक्सर घेणारच होती. तिच्या खरेदीवर मी टक्का खाल्ला म्हणजे दुकानाच्या खिशातनं घरच्यांना सूट दिली, एवढंच.

याहून वाईट पुढं आहे. मुदतीत विक्री झाली नाही म्हणून खातं बंद झालं असतं तर मला परत अर्ज करता आला असता. नियम मोडल्यामुळं बंद झालं, तेव्हा पुढचा अर्जही नाकारला. म्हणजे जे टाळायला धडपडलो ते घडलं असतं तर बरं झालं असतं! म्हणून मुदत संपत आली असली तर संपू द्या. काही बिघडत नाही, खरंच नाही. आणि मुळात पहिल्या आठवड्यात अर्जच करू नका. रोज थोडेतरी वाचक गुगलवरनं यायला लागल्यावर करा, तोवर नुसतं लिहा.

घरच्यांना लिंक पाठवायची युक्ती मला सुचलेली नव्हती. ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या एका गुरूनं ती 'पहिल्या तीन विक्रीचं सोपं गणित' म्हणून शिकवली होती. त्या कोर्सचे मी भरले 4,999. असल्या गुरूंबद्दल माझं मत आता पक्कं आहे: त्यांचं उत्पन्न कोर्समधनं येतं, लिंकमधनं नाही. त्यांच्या साइटचं नाव विचारा, कसे गप्प होतात बघा.

मला खरं शिकवलं ते चप्पल लाइनीतल्या, म्हणजे कोल्हापूरच्या चपलांच्या बाजारातल्या, एका कारागिरानं. माझे लेख त्यांना वाचून दाखवले तर म्हणाले, "हे सगळं बरंय. पण पाय कुठं चावतो ते लिहिलंस का? गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच इचारतंय." मी 'नवी कोल्हापुरी पाय चावत असेल तर' असा लेख लिहिला. अंगठ्याजवळ का घासते, तेल कुठं लावायचं, वापरून किती सैल पडते, पावसात घालून भिजवली तर काय होतं. 'ही चप्पल कुणी घेऊ नये' असाही भाग घातला, रोज दुचाकीचा गिअर टाकणाऱ्यांसाठी. दुसऱ्या एका कार्यक्रमातून आजवर जी काही विक्री झाली, त्यातली निम्म्याहून जास्त या एका लेखातली आहे. तेल, ब्रश, चामड्याचं क्रीम. प्रेमानं लिहिलेले बावीस लेख एकीकडं आणि हा एक एकीकडं.

वाचक वाढले म्हणजे पैसे वाढतात असंही नाही. जून 2025 मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गदारोळ झाला, त्या आठवड्यात माझ्या साइटवर वर्षभरात आले नव्हते एवढे लोक आले. विकलं काय? क्रीमची एक डबी. लोक चिडून आले होते, खरेदीला नाही. बरं, त्यातल्याच काहींनी मला झापलं, कारण मी लिहिलं होतं की 2019 च्या जीआय (भौगोलिक ओळखीच्या) नोंदणीत महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत तसेच कर्नाटकाचेही चार आहेत, तेव्हा कर्नाटकातल्या अथणीत बनलेली चप्पलसुद्धा खरीच. कोल्हापुरात हे लिहायला छाती लागते.

पैशांचं थोडक्यात. पादत्राणं मापाच्या भानगडीनं परत जातात आणि परत गेली की कमिशनही परत जातं, म्हणून डॅशबोर्डवरचा आकडा आपला समजून खर्च करू नका. कमिशनवरचा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) 1 ऑक्टोबर 2024 पासून 5 वरून 2 टक्क्यांवर आला, पण पॅन दिलं नाही तर 20 कापतात. कापलेली रक्कम आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या पॅनखाली दिसते, रिटर्न भरताना तिथून उचला. आणि लेखाच्या वरच, मराठीत, लिहा की या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं. जाहिरातीसाठी पैसे मिळत असतील तर ते सोप्या भाषेत उघड सांगा, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये बजावलंय. मी आधी घाबरत होतो की लोक पळतील. कुणी पळालं नाही.

सध्या महिन्याला मोबाइलचं आणि होस्टिंगचं बिल निघतं, कधी थोडं वर उरतं. नोकरी सोडलेली नाही, तुम्हीही सोडू नका. चपलांसाठी मात्र मी ऑनलाइन दुकानाची लिंक देत नाही, त्याच कारागिरांचा दुकानाचा नंबर देतो. ते फोनवर विचारतात, "कुणी धाडलं?" माझं नाव आलं की वहीत एक रेघ मारतात. महिन्याच्या शेवटी रेघा मोजायच्या, जोडीमागं 50 रुपये. गेल्या महिन्यात अकरा होत्या. त्यातली एक मावशीची निघाली. ती मी त्यांच्यासमोरच खोडायला लावली, आणि ते माझ्याकडं येड्यासारखं बघत राहिले.