उडी चार सेंटिमीटरने वाढली, म्हणे

माझी पहिली नोकरी पश्चिम उपनगरातल्या एका बॅडमिंटन अकादमीत. काम एकच: दर सहा आठवड्यांनी जंप मॅट अंथरायची, पोरांना उड्या मारायला लावायच्या आणि आकडे एक्सेलमध्ये भरायचे. दुसऱ्याच फेरीत जवळपास सगळ्यांची उडी चारेक सेंटिमीटरने वाढलेली दिसली. मी रंगीत आलेख काढला, कोचनी तो पालकांना दाखवला, पेढेही वाटले. तिसऱ्या फेरीला मी सहज मोबाइलवर शूटिंग केलं आणि घरी जाऊन स्लो मोशनमध्ये पाहिलं. पोरं खाली येताना गुडघे वर ओढून घेत होती. बस, एवढंच.

जंप मॅट उडी मोजतच नाही. ती पाय हवेत किती वेळ होते तेवढंच मोजते आणि सूत्रात घालते: गुरुत्वत्वरण गुणिले वेळेचा वर्ग, भागिले ८. अर्धा सेकंद हवेत असाल तर ३०.७ सेंमी. तोच वेळ ०.५३ सेकंद झाला की ३४.४. म्हणजे गुडघे दुमडून तीन शतांश सेकंद उशिरा टेकलात की पावणेचार सेंटिमीटर फुकटात. पोरांनी लबाडी केली नव्हती. कुणा एकाच्या लक्षात आलं की असं केलं की आकडा वाढतो, मग सगळ्यांनी तसं केलं. चूक माझी होती. टेकताना पाय सरळ, हात कमरेवर, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि नंतर बघायचं सोडून दिलं होतं.

खेळाडूंच्या चाचण्या घेण्याच्या या क्षेत्रात नव्याने येणारी मुलं मला विचारतात, कुठलं मशीन घ्यावं. माझं उत्तर ठरलेलं आहे. मशीन कुठलंही घ्या, आधी स्वतःची चूक मोजा. दहा-बारा खेळाडू घ्या, एकच चाचणी दोन-तीन दिवसांच्या अंतराने त्याच वेळी, त्याच बुटांत दोनदा घ्या. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक काढा, त्या फरकांचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे किती विखुरलेत ते) काढा आणि त्याला १.४१ ने भागा. प्रमाण विचलन २ सेंमी आलं तर उत्तर १.४. ही तुमची टिपिकल एरर, म्हणजे मोजणीत नेहमी होणारी चूक. मग कुणाची उडी १ सेंमीने वाढली तर ती वाढ आहे की तुमच्या मोजणीचा गोंधळ, हे देवालाच ठाऊक. हे काम कंटाळवाणं आहे, कोचला त्यात काडीचा रस नसतो, आणि त्यासाठी वेगळा दिवस मागितला की "मॅडम, टूर्नामेंट तोंडावर आहे" हे ऐकून घ्यावं लागतं. तरी करा.

स्टॉपवॉचचंही तेच. अॅथलेटिक्समध्ये १०० मीटरची हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी जुळवताना ०.२४ सेकंद मिळवतात. शंभर मीटरला ते चालून जातं. पण बॅडमिंटनवाल्याची ५ मीटरची धाव सेकंद-सव्वासेकंदात संपते. तिथे तुमचा अंगठा एक दशांश सेकंद चुकला की आकडा जवळजवळ दहा टक्क्यांनी हलला. टायमिंग गेट, म्हणजे खेळाडू मधून गेला की आपोआप वेळ नोंदवणारे खांब, नसतील तर ५ मीटर हाताने मोजूच नका, त्यापेक्षा व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा.

आता मुंबईची गोष्ट. पुस्तकात लिहिलेलं असतं, चाचणीआधी खेळाडू विश्रांती घेतलेला हवा. माझ्याकडे एक मुलगी बदलापूरहून यायची. सकाळी सहाची लोकल, दादरला उतरून पूल चढून दुसरी गाडी, खांद्यावर किटबॅग, दीड तास उभी. तिची सोमवारची उडी नेहमी पडलेली असायची आणि कोच म्हणायचे, ही वीकेंडला झोपा काढते. एका रविवारी ती मावशीकडे पार्ल्याला राहिली, सोमवारी चालत आली, आणि उडी टिपिकल एररच्या दुपटीहून जास्त वर. तेव्हापासून माझ्या शीटमध्ये एक रकाना आहे: "कशी आलीस? बसून की उभी?" लोक हसतात. मी तो रकाना काढत नाही.

दुसरं म्हणजे पंखे. बॅडमिंटन हॉलमध्ये वाऱ्याने शटल हलतं म्हणून पंखे बंद असतात. मे महिन्यात बंद हॉलमध्ये बीप टेस्ट घेतली आणि डिसेंबरात पुन्हा घेतली, तर जो सुधार दिसेल त्यातला किती ट्रेनिंगचा आणि किती हवेचा? बीपच्या तालावर २० मीटर पुढेमागे पळायची ही चाचणी ताशी ८.५ किमी वेगाने सुरू होते, दर मिनिटाला वेग ताशी अर्ध्या किलोमीटरने वाढतो. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, शरीर थंड होत नाही आणि नाडी आधीच वर चढलेली असते. तापमान आणि आर्द्रता दोन्ही लिहून ठेवा, आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर पुरतो.

पण या सगळ्याच्या आधीचा प्रश्न वेगळाच आहे: जे मोजतोय ते या खेळात लागतं का? बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटर लांब, त्यातली आपली बाजू ६.७ मीटर. तिथे ३० मीटरची धाव मोजून काय हाती लागणार? लागतं ते चार पावलांत पोचणं, लंज मारून, म्हणजे एक पाय लांब पुढे टाकून, थांबणं आणि तितक्याच वेगाने मागे येणं. म्हणून सहा कोपऱ्यांची चाचणी घेतात: मधून कोपऱ्यात पळायचं आणि परत मध्ये यायचं. पण कोपऱ्यांचा क्रम आधीच सांगितला तर ते पाठांतर होतं; पोरगं शटल न बघता पळतं. क्रम न सांगता दिव्याने किंवा हाताने इशारा दिला की चांगला खेळाडू वेगळा दिसू लागतो, कारण तो इशाऱ्याच्या क्षणी स्प्लिट स्टेप, म्हणजे पाय फाकवून छोटीशी उडी, घेऊन तयार असतो. रॅकेट हातात द्यायला विसरू नका. रिकाम्या हाताने सगळेच हुशार. स्क्वॉशला घोस्टिंगवर, म्हणजे चेंडूशिवाय फटक्यांच्या जागी पळण्याच्या सरावावर, आधारलेली चाचणी बरी. कोर्ट ९.७५ बाय ६.४ मीटर, चेंडू भिंतींवरून जिवंत राहतो, त्यामुळे दम वेगळा लागतो.

लढतीच्या खेळांत मी शिरले ती अपघातानेच. लालबागजवळच्या एका तालमीच्या वस्तादांना कुणीतरी सांगितलं की एक ताई पोरांचा दम मोजते. भिंतीवर हनुमान, शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो, खाली १९५२ हेलसिंकी असं लिहिलेलं. मी पकडीचं बळ मोजणारा ग्रिप डायनॅमोमीटर काढला. वस्तादांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, ह्ये मशीन कुस्ती लढतंय व्हय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. डायनॅमोमीटर एकदा दाबण्याचं बळ सांगतो. कुस्तीत पकड सहा मिनिटं टिकवायची असते, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. म्हणून मी आता एकच आकडा घेत नाही. दहा वेळा, ठरावीक अंतराने दाबायला लावते आणि दहाव्या दाबाला पहिल्याच्या किती टक्के उरलं ते पाहते. कोपर ९० अंशांत, दांडा दुसऱ्या खाचेत, दर वेळी तसाच. वस्तादांना ही टक्केवारी लगेच पटली. "कोण शेवटाला सुटतो ते मला ठावंच हाय, पण पोराला कागदावर दाखवता येतंय," म्हणाले.

ज्युदोवाल्यांकडे त्यांची खास चाचणी आहे, पोलंडच्या स्टर्कोविच यांनी १९९५ मध्ये मांडलेली. दोन जोडीदार ६ मीटर अंतरावर उभे, खेळाडू मधोमध. १५ सेकंद, मग ३० आणि ३०, मध्ये दहा-दहा सेकंद विश्रांती. धावत जाऊन आळीपाळीने दोघांना इप्पोन सेओई नागेने, म्हणजे खांद्यावरून, फेकायचं. मग संपल्या क्षणाची नाडी अधिक एका मिनिटानंतरची नाडी, भागिले एकूण फेक. समजा १७८ अधिक १४७, म्हणजे ३२५, आणि फेक २५, तर निर्देशांक १३. जितका कमी तितकं चांगलं. गंमत ही की जोडीदार ढिला पडला किंवा त्याने स्वतःहून उडी घेतली की निर्देशांक सुधारतो. माझ्या मते या चाचणीत खेळाडूपेक्षा जोडीदारावर जास्त लक्ष हवं. तो जवळपास त्याच वजनाचा, त्याच उंचीचा असावा आणि पुढच्या वेळीही तोच असावा. नाहीतर तुम्ही त्याचीच चाचणी घेताय.

वजनगटांमुळे आणखी एक घोळ होतो. बळ भागिले वजन केलं की ५७ किलोचा पोरगा कायम हिरो आणि १२५ किलोचा कायम नापास. शरीर मोठं होतं तसं बळ त्याच प्रमाणात वाढत नाही, साधारण वजनाच्या ०.६७ घाताने वाढतं. एवढा हिशेब झेपत नसेल तर गटागटांत तुलना करूच नका. प्रत्येकाची तुलना त्याच्याच जुन्या आकड्याशी.

लॅक्टेट, म्हणजे जोराच्या मेहनतीत स्नायूंतून रक्तात उतरणारा पदार्थ, मोजायला रक्ताचा थेंब लागतो. माती आणि घामाने भरलेलं बोट घेतलंत तर आकडा वेडावाकडा येईल, कारण घामातही लॅक्टेट असतं. पुसा, वाळू द्या, पहिला थेंब टाकून द्या, दुसरा घ्या. मी कानाची पाळी घेते. पहिल्यांदा तालमीत म्हटलं "कान द्या", तर पोरं हसायला लागली. तिथे जवळपास प्रत्येकाचा कान मोडून गोळा झालेला. पण पाळीत कूर्चा नसते, ती बिचारी बहुतेकांची शाबूत राहते. एकजण म्हणाला, "ताई, एवढाच कान उरलाय, जपून."

वजन उतरवण्याच्या दिवसांत काहीही मोजू नका. पाणी तोडलेल्या पोराची विंगेट घेणं, म्हणजे शरीरवजनाच्या साडेसात टक्के ओझ्यावर ३० सेकंद जीव तोडून सायकल, हा मूर्खपणा आहे. त्या दिवसांत मोजायचंच असेल तर लघवीची घनता. रिफ्रॅक्टोमीटर या घनता मोजणाऱ्या उपकरणावर ती १.०२० च्या वर गेली, म्हणजे शरीरात पाणी कमी पडलं, की मी वस्तादांना फोन करते. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज-कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले, त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आपल्याकडे पॅरिसमध्ये २०२४ साली विनेश फोगाट १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हा सगळ्या तालमीत त्या १०० ग्रॅमचीच चर्चा. त्याआधीच्या रात्री शरीराचं काय होतं याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. मी फिजिओथेरपी करून इकडे आले, बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी करूनही येतात, ग्वाल्हेरच्या एलएनआयपीई या शारीरिक शिक्षण संस्थेतूनही. डिग्रीपेक्षा मला चरबी मोजायला चिमटीत धरायची त्वचेची घडी नीट पकडता येणं महत्त्वाचं वाटतं, आणि ते शंभरेक लोकांच्या घड्या मोजल्याशिवाय येत नाही. मुलींच्या घड्या मुलीनेच, पडद्याआड आणि पालकांना विचारून मोजायच्या. चरबीची टक्केवारी सांगू नका, घड्यांची बेरीज सांगा. पंधरा वर्षांच्या मुलीला "तुझी २४ टक्के" असं सांगून काय साध्य होतं ते मी एकदा पाहिलंय, पुन्हा बघायचं नाही.

पैसे सुरुवातीला कमीच मिळतील. दिवसाच्या हिशेबाने बोलणी करा, आणि रिपोर्ट लिहायचा दिवसही त्यात धरा. पहिल्या वर्षी मी तो फुकट लिहीत होते.

आणि आकडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. गेल्या आठवड्यात एक आई हॉलच्या दारात थांबवून विचारत होती, "त्या कुलकर्ण्यांच्या मुलीची किती आली?" मी म्हटलं, "काकू, तुमच्या मुलाची सांगू का? पण आधी सांगा, आज तो ट्रेनने आला की रिक्षाने?"