ऑसिलोस्कोपवर सरळ रेघच येतेय? सिम्युलेशनमधल्या या चुका टाळा

कॉम्प्युटरवर सर्किटचं सिम्युलेशन सुरू केलं आणि ऑसिलोस्कोपवर नुसती आडवी रेघ आली, तर लगेच ट्रान्झिस्टर बदलायला घेऊ नका. आधी ग्राउंड बघा. सिम्युलेटर प्रत्येक नोडचं (जोडबिंदूचं) व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत काढतो. ग्राउंडचं चिन्हच जोडलं नसेल तर एरर येते किंवा भलतेच आकडे दिसतात.

मग टाइम पर डिव्हिजन, म्हणजे स्क्रीनवरची एक आडवी चौकट किती वेळाची आहे, ते बघा. १ किलोहर्ट्झ सिग्नलचं एक आवर्तन १ मिलिसेकंदाचं असतं. सेटिंग ०.२ मिलिसेकंद असेल तर दहा चौकटींत दोन आवर्तनं छान बसतात. तेच १ मायक्रोसेकंदावर राहिलं, तर आवर्तनाचा जेमतेम शंभरावा भाग दिसतो आणि तो रेघेसारखाच वाटतो.

सगळ्यात छळणारी चूक मात्र स्कोपमध्ये नसतेच. एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये ‘एम’ (M) लहान लिपीत लिहा नाहीतर मोठ्या, त्याचा अर्थ मिली. १ मेगाहर्ट्झ समजून ‘१एम’ टाकलंत तर सोर्स १ मिलिहर्ट्झवर चालतो. एक आवर्तन पूर्ण व्हायला १००० सेकंद! रेझिस्टरलाही तसंच लिहिलं तर १ मेगोहमऐवजी १ मिलिओहम, म्हणजे जवळजवळ शॉर्टच. आकृतीत सगळं बरोबर दिसत असल्यामुळे नजर तिथे जातच नाही. मेगासाठी ‘मेग’ (Meg) असंच लिहा.

व्होल्टेज दुप्पट वाटतंय? मल्टिसिम या सिम्युलेटरच्या फंक्शन जनरेटरमधला (सिग्नल देणाऱ्या उपकरणातला) अ‍ॅम्प्लिट्यूड शून्यापासून शिखरापर्यंतचा असतो. ५ व्होल्ट ठेवले की कॉमन आणि प्लस टर्मिनलमध्ये पीक-टू-पीक १० व्होल्ट मिळणारच. प्लस आणि मायनसमध्ये मोजलं तर २०.

अ‍ॅम्प्लिफायरचं बायसिंग (ट्रान्झिस्टरची डीसी व्होल्टेजं) बघताना स्कोपचं कपलिंग डीसीवर हवं. एसीवर असेल तर कलेक्टरचं डीसी व्होल्टेज गाळलं जातं आणि तुम्ही नसलेला दोष शोधत बसता.

साइन वेव्ह कोनाकोनाची दिसली तर कमाल टाइमस्टेप, म्हणजे सिम्युलेटरच्या दोन गणनांमधला वेळ, कमी करा. आवर्तनाच्या शंभराव्या भागापासून सुरुवात करावी. १ किलोहर्ट्झला १० मायक्रोसेकंद.

ऑसिलेटर, म्हणजे स्वतःच आंदोलनं निर्माण करणारं सर्किट, सुरूच होत नसेल, तर जोडणी चुकली असंच नाही. प्रत्यक्षात नॉइज (व्होल्टेजमधले सूक्ष्म चढउतार) त्याला पहिला धक्का देतो, सिम्युलेशनमध्ये तो नसतो. त्यामुळे सर्किट शांत समतोलात अडकून राहतं. एखाद्या कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज द्या किंवा सप्लाय शून्यापासून चढवत न्या. नंतर डिस्प्लेवर थोडं थांबा, कारण आंदोलनं वाढायला अनेक आवर्तनं लागू शकतात.