युग्लिना उजेडाकडे येत नाही? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की मुंबईतल्या शाळांत एक तक्रार हमखास ऐकू येते: पवई तलावाच्या काठचं हिरवं पाणी आणलं, टॉर्च लावला, पण त्यातली युग्लिना, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून दिसणारा एकपेशीय हिरवा जीव, काही उजेडाकडे येईना. बहुतेक वेळा युग्लिना ठणठणीत असते, उजेडच चुकलेला असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रखर प्रकाश. युग्लिना हिरवी, प्रकाशावर अन्न बनवणारी, तेव्हा उजेड जितका जास्त तितकं बरं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती मंद उजेडाकडे पोहत जाते आणि कडक उन्हापासून पळते, कारण जादा प्रकाशाने तिचं हरितद्रव्य खराब होतं. मोबाइलचा टॉर्च अगदी जवळ धरला तर ती लांबच जाणार. त्याऐवजी पेट्री डिशवर (काचेच्या उथळ बशीवर) काळा कागद घाला, त्यात बारीक फट कापा आणि डिश खिडकीपासून दूर, सावलीत ठेवा. अर्ध्या-एक तासाने कागद अलगद उचला. फटीखाली हिरवी रेघ जमलेली दिसेल. हीच डिश थोडा वेळ थेट उन्हात ठेवून पाहा, फटीखालची जागा मोकळी होईल. मुलांना हे दोन्ही दाखवाच, कारण जगण्याची खरी कसरत या दोन टोकांच्या मध्येच चालते.

प्रयोग उभ्या परीक्षानळीत करू नका. युग्लिना अंधारातही गुरुत्वाकर्षणाच्या उलट, वर पोहते. वर जमलेला हिरवा थर उजेडामुळे आला की यामुळे, हे मग सांगता येत नाही. डिश आडवीच हवी.

लाल जिलेटिन कागद लावलेल्या दिव्याने काहीच घडत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिचा प्रकाशग्राहक निळा प्रकाश टिपतो. 2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्यामागचं प्रथिन ओळखलं. मात्र तिला विचलित न करता निरखायचं असेल तर हाच लाल प्रकाश कामाला येतो.

लाल ठिपक्याला डोळा समजण्याची चूक तर तक्त्यांवरही दिसते. 400 पट मोठं करून पाहिलं की पेशीच्या पुढच्या टोकाशी तो नारिंगी-लाल ठिपका स्पष्ट दिसतो, पण प्रकाश ओळखण्याचं काम तो करत नाही. ते काम शेजारी, कशाभिकेच्या (पोहण्यासाठीच्या चाबकासारख्या धाग्याच्या) बुडाशी असलेल्या फुगीर भागाचं. युग्लिना स्वतःभोवती गिरक्या घेत पोहते. उजेड बाजूने येत असेल तर प्रत्येक गिरकीत ठिपक्याची सावली त्या भागावर पडते, सरते, आणि त्या लुकलुकीवरून पेशीला दिशा कळते. मेंदू नाही, चेता नाही, तरी दिशा अचूक!

आणखी एक. स्लाइडवर गोल होऊन थांबलेली युग्लिना मेली म्हणून फेकू नका. दिव्याची उष्णता आणि आटणारं पाणी यांनी ती गोळा होते. कव्हरस्लिपच्या (स्लाइडवर ठेवलेल्या पातळ काचेच्या) कडेला तळ्याचंच गाळलेलं पाणी ड्रॉपरने सोडा आणि थोडा वेळ थांबा. नळाचं पाणी तसंच वापरू नका, त्यात क्लोरीन असतो. अंधाऱ्या कपाटात फिकट पडलेला नमुनाही संपलेला नसतो, पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय पदार्थांवर युग्लिना तग धरते आणि उजेडात आणल्यावर काही दिवसांत पुन्हा हिरवी होते.

बरणीचं झाकण घट्ट लावू नका, पण उघडीही ठेवू नका. डेंग्यूचे डास साचलेल्या पाण्यातच अंडी घालतात, म्हणून तोंडाला मलमलचा कपडा बांधा.