पायाचं सूप पाणचट होत होतं, त्यावरचा उपाय

सासऱ्यांना कवळी लागली, मटण चावेना. म्हणून घरात अळणी सूप सुरू केलं. पण नुसत्या नळ्यांचं सूप पाणचट व्हायचं, वर उग्र वास.

शिवाजी मार्केटमधल्या खाटकाने कारण सांगितलं: नळीत मगज, म्हणजे चरबी असते; चिकटपणा असतो पायांत आणि सांध्यांत. आता भाजलेले पाय फोडून आणते, नळ्या दोनच. आधी एक उकळी काढून ते फेसाळ, मळकट पाणी ओतून देते आणि हाडं चोळून धुते. वास तिथेच जातो, ही पायरी अजिबात गाळू नका. मग आलं, लसूण, हळद, मिरी, हाडं बुडतील इतकंच पाणी. शिट्टी झाली की आच बारीक, तासभर. मीठ नाही, नाहीतर आटवताना खारट होतं.

गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं की वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थरथरणारा लगदा. पाय-सांध्यांतल्या कोलॅजेन या प्रथिनाचं शिजून जिलेटिन झालं की असंच जमतं. चरबी फोडणीला, बाकीचं बर्फाच्या ट्रेमध्ये. वरणात, मऊ भातात दोन-दोन वड्या टाकते. सासरे मात्र गरम सुपात ज्वारीची भाकरी कुस्करून, वर लिंबू पिळूनच खातात.