आधी हात वर करा, मग कात्री घ्या

क्रॉप टॉप, म्हणजे कमरेच्या वरच संपणारा आखूड टॉप, घरी करायचा म्हटलं की बहुतेकजणी कपाटातला जुना टीशर्ट काढतात, बेंबीच्या आसपास खडूची रेघ मारतात आणि कापून मोकळ्या होतात. आरशासमोर हात खाली सोडून उभं राहिलं की सगळं झकास दिसतं. मग केस बांधायला किंवा वरच्या फळीवरचं काही काढायला हात वर जातात, टॉप दोन-तीन इंच चढतो आणि पुढचा सगळा वेळ तो खाली ओढण्यात जातो. घरातल्या मुली आणि त्यांच्या मैत्रिणी माझ्या मशीनपाशी टॉप घेऊन येतात ते बऱ्याचदा याच तक्रारीसाठी. त्यांना मी पहिल्यांदा एकच सांगते, लांबी हात वर करून ठरवायची.

त्यासाठी जो टॉप कापायचा तोच अंगात घाला आणि ज्या पँटवर किंवा स्कर्टवर तो वापरणार तेही घाला. हाय वेस्ट पँट आणि कमरेखाली बसणारी पँट यांत तीन-चार इंचांचा फरक सहज पडतो, त्यामुळे घरातल्या ढगळ पायजम्यावर माप घेऊन काही उपयोग नाही. आता दोन्ही हात सरळ वर करा. या अवस्थेत पोट जास्तीत जास्त किती दिसलेलं चालेल ते ठरवा आणि टॉपच्या कापडावर तिथे टाचणी लावून घ्या. टाचणी दुसऱ्या कुणीतरी लावायची, कारण आपण हात खाली आणला की कापडही त्याच्याबरोबर खाली येतं. हात सोडल्यावर ती टाचणी अपेक्षेपेक्षा बरीच खाली दिसेल. दिसू दे. टॉपचा तयार काठ तिथेच यायला हवा.

टॉप काढून माप लिहून ठेवा. खांदा गळ्याला जिथे मिळतो तिथून टाचणीपर्यंत उभा टेप धरायचा. हे माप त्या टॉपपुरतंच खरं. दुसऱ्या टॉपला तेच लावून चालत नाही, कारण टॉप किती चढणार हे मुंढ्यावर, म्हणजे बाही जिथे जोडलेली असते त्या गोलावर, ठरतं. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर हात उचलताना बाहीच तेवढी हलते. मुंढा खोल असेल, खांद्याची शिलाई दंडावर उतरलेली असेल, तर बाहीबरोबर अख्खी बाजू वर खेचली जाते. म्हणजे ऐसपैस, ढगळ टीशर्ट फिटिंगच्या टीशर्टपेक्षा जास्त चढतो. पुष्कळजणींना हे उलटं वाटतं. बिनबाह्यांचा टॉप सगळ्यात कमी चढतो, तेव्हा पहिलाच प्रयोग असेल तर तसाच निवडा.

टॉप फारच चढत असेल आणि लांबी वाढवायची नसेल, तर बगलेत कळी घालता येते. बाहीची खालची शिलाई आणि बाजूची शिलाई बगलेत जिथे एकमेकींना भेटतात, तिथून दोन्हीकडे तीन-तीन इंच उसवा. मुंढ्याची शिलाई तशीच राहू द्या. सहा इंचांची फट तयार होते. तिच्यात त्याच जातीच्या कापडाचा, पानाच्या आकाराचा तुकडा बसवायचा: तयार लांबी सहा इंच, मधोमध रुंदी दोन इंच, शिवाय चारी बाजूंनी शिलाईची मार्जिन. कापड कापलेल्या भागातूनच निघतं. दोन्ही टोकांना टीप नीट पक्की करा, ताण तिथेच येतो.

आता कापणं. नवं सुती किंवा होजिअरी (टीशर्टचं ताणणारं) कापड असेल तर ते नेहमी जसं धुता तसंच धुऊन वाळवून घ्या. आटायचं ते आधीच आटू दे, साध्या टॉपमध्ये अर्धा इंच खपून जातो, क्रॉप टॉपमध्ये नाही. वर्षभर वापरलेल्या टीशर्टला याची गरज नाही.

टीशर्ट पसरताना त्याच्या बाजूच्या शिलाईवर विश्वास ठेवू नका. धुऊन धुऊन होजिअरी पिळवटते आणि बाजूची शिलाई पोटाकडे सरकलेली असते. खांद्याला खांदा जुळवा, पुढच्या गळ्याचा मध्य मागच्या गळ्याच्या मध्याखाली आणा आणि कापड हाताने थोपटून सपाट करा, ओढू नका. मग माप टाका. तयार काठाच्या रेषेखाली दुमडीसाठी एक इंच सोडून दुसरी रेघ मारा आणि कापा ती दुसरी रेघ. हे लिहायलाच हवं, कारण हातात कात्री आली की वरची रेघ जास्त ठळक दिसते.

पुढचा काठ सरळ कापला तर अंगावर तो सरळ दिसत नाही. कापड छातीवरून जाऊन खाली येतं, त्यात लांबी खर्च होते आणि पुढून टॉप उचलल्यासारखा दिसतो. म्हणून पुढच्या भागाच्या मध्याशी अर्धा ते पाऊण इंच जास्त ठेवा आणि बाजूच्या शिलाईकडे जाताना तो उतार शून्यावर आणा. छाती भरलेली असेल तर इंचभरही लागतं. पक्कं करायचं असेल तर टॉप घालून उभ्या राहा आणि कुणाला तरी जमिनीपासून लांब पट्टी उभी धरून चौफेर एकाच उंचीवर खडूच्या खुणा करायला सांगा. बाजूच्या शिलाईपाशी काठ शिलाईला काटकोनात भेटला पाहिजे, नाहीतर दोन्ही बाजूंना टोकं लोंबतात.

आणखी एक. छातीला बरोबर असलेला सरळ टीशर्ट कमरेच्या वर कापला की त्याचा घेर मोकळा लटकतो. तो तंबूसारखा आवडत असेल तर प्रश्नच नाही. नको असेल तर काठ शिवण्याआधी बाजू आत घ्या: बगलेखाली दोन इंचांवर शून्यापासून सुरुवात, काठाशी प्रत्येक बाजूने पाऊण ते एक इंच. तिथून आणखी आत घ्यावंसं वाटलं तर आधी धावदोरा घालून अंगावर चढवून बघा. टॉप डोक्यातून उतरतो, आणि तो अरुंद घेर खांद्यांवरून, छातीवरून जायचा आहे.

काठ

साध्या होजिअरीचा आडवा कापलेला काठ आपोआप सुलट बाजूकडे गुंडाळतो. हातात धरून थोडा ताणला की व्यवस्थित वळकटी होते. सुती होजिअरी सहसा उसवत नाही, तेव्हा काठ तसाच ठेवलेला चालतो. मात्र त्या वळकटीत जवळपास अर्धा इंच जातो, तेवढा जास्त ठेवून कापा. रिब (उभ्या रेघांचं, खूप ताणणारं) आणि इंटरलॉक (दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं, जरा जाड) कापड असं गुंडाळत नाही, तिथे उघडा काठ नुसता अर्धवट सोडल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर घरात घालायच्या टीशर्टपलीकडे मी उघडा काठ ठेवत नाही.

शिवायचा असेल तर पहिल्यांदा सुई बदला. ताणणाऱ्या कापडाला बॉलपॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची, सुई हवी, टीशर्टला ७५/११ किंवा ८०/१२ नंबरची. लायक्रा जास्त असेल तर स्ट्रेच सुई. नेहमीच्या टोकदार सुईने होजिअरीचा धागा तुटतो, बारीक भोकं पडतात आणि धुण्यागणिक मोठी होत जातात. टीप मधूनमधून सुटत असेल तर मशीन दुरुस्तीला नेण्याआधी सुई बघा, दोष बहुतेक तिथेच सापडतो.

तयार टीशर्टच्या काठावर दोन समांतर टिपा दिसतात तशा घरी हव्या असतील तर जोडसुई, म्हणजे एकाच दांड्यावरच्या दोन सुया, लावा. टीशर्टला चार मिलिमीटर अंतराची जोडसुई चांगली दिसते. वर दोन रीळ, खाली एकच बॉबिन, आणि बॉबिनचा दोरा आतून नागमोडी जातो म्हणून टीप ताण घेते. शिलाई सुलट बाजूने करायची असल्यामुळे आतला काठ दिसत नाही, तेव्हा दुमड आधी धावदोऱ्याने बसवून घ्या आणि उरलेलं कापड नंतर टिपेलगत कापा. जोडसुई झिगझॅग येणाऱ्या मशीनलाच चालते. फक्त सरळ टीप मारणाऱ्या मशीनच्या सुईपट्टीला एकाच सुईपुरतं भोक असतं, तिथे ती आपटून मोडते.

जोडसुई नसेल तर अरुंद झिगझॅग: रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. लांबून सरळ टीपच वाटते. मशीनच नसेल तर आतून तिरके, एकमेकांना छेदणारे टाके घाला, डावीकडून उजवीकडे जात, दोरा सैल ठेवून. एका संध्याकाळचं काम आहे, आणि काठ मशीनपेक्षा मऊ पडतो.

शिवताना कापड मागून ओढू नका आणि पुढून ढकलू नका. काठ लाटांसारखा झाला तर सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब कमी करा, किंवा खाली पातळ कागदाची पट्टी घालून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. थोड्याशा लाटा वाफेच्या इस्त्रीने बसतात. हे सगळं आधी कापलेल्या तुकड्यावर करून बघा. तुकड्याची टीप दोन्ही हातांनी ताणा, दोरा कट्‌ करून तुटला तर टॉपवरही तुटणार.

शर्टाचा क्रॉप टॉप

शर्टाचं कापड ताणत नाही आणि उसवतं, पण शिवायला ते होजिअरीपेक्षा गरीब असतं. अडचण बटणपट्टीची. माप टाकण्याआधी काजं कुठे येतात ते बघा. तयार काठ आणि शेवटचं काज यांत किमान पाऊण इंच अंतर हवं. काज दुमडीत जात असेल तर आपली रेघ थोडी वर किंवा खाली सरकवा, काजाशी भांडू नका. दुमडीतलं बटण आधी उसवून ठेवा. काठ सरळ असेल तर अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप. गोलाकार काठ असा दुमडत नाही, चुण्या पडतात. त्याला इंचभर रुंदीची क्रॉस (कापडातून तिरकी कापलेली) पट्टी सुलट बाजूने जोडून आत वळवा.

पुढे गाठ मारायचा शर्ट हवा असेल तर पाठ नेहमीसारखी आखूड कापा, पण पुढचे दोन्ही भाग मध्याकडे सात-आठ इंच लांब सोडा. गाठ बरंच कापड खाते, चार-पाच इंचांत ती धड बसत नाही. कापड जाड असेल तर टोकाकडे निमुळतं करत जा.

इलास्टिकचा काठ सैल टॉपला शोभतो. पाऊण इंच रुंद इलास्टिकला एक इंचाचा नेफा (इलास्टिक ओवायची दुमड) पुरे. इलास्टिक जिथे बसणार तिथला अंगाचा घेर मोजा, त्यातून दोन-तीन इंच वजा करा. पण कापण्याआधी ते अंगावर टाचून खाली बसा, वाका, पोटभर श्वास घ्या. बरगड्यांखाली काचत असेल तर अर्धा इंच वाढवा. नेफ्यात दोन इंच उघडं ठेवून पिनेने इलास्टिक ओवा, टोकं अर्धा इंच एकमेकांवर ठेवून झिगझॅगने पक्की करा, मग तोंड बंद करा. शेवटी दोन्ही बाजूंच्या शिलाईवर इलास्टिकमधून उभी टीप मारा, म्हणजे ते आत पिळ खात नाही. टॉप वरून फुगलेला हवा असेल तर कापतानाच इंच-दीड इंच लांबी जास्त धरा.

नव्या कापडातून शिवायचा असेल तर अंगाला बसणारा टॉप कागदावर ठेवून आकार उतरवा आणि कापड ज्या दिशेने जास्त ताणतं ती दिशा अंगाभोवती आडवी येऊ द्या. न ताणणाऱ्या कापडाला छातीत दोन-तीन इंच सैल ठेवावं लागतं. काठ छातीखाली घट्ट हवा असेल तर बाजूला चेन किंवा पुढे बटणं लागतातच, त्याशिवाय तो टॉप अंगात जाणार नाही.

आखूड झालेला, किंवा आता तेवढा आखूड नको वाटणारा टॉप टाकून देऊ नका. त्याला रिबची पट्टी लावता येते. काठाचा घेर ३४ इंच असेल तर पट्टी त्याच्या साधारण ८५ टक्के, म्हणजे २९ इंच, अधिक जोडाची मार्जिन. तयार रुंदी तीन इंच हवी असेल तर सात इंच कापा, कारण पट्टी दुहेरी होते आणि दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच शिलाईत जातो. पट्टीचे चार आणि टॉपच्या काठाचे चार सारखे भाग करून खुणा जुळवा, टाचण्या लावा. शिवताना फक्त पट्टी ताणायची, टॉपचं कापड नाही. झाल्यावर इस्त्री रिबवर टेकवू नका. जरा वर धरून वाफ द्या आणि गार होईपर्यंत टॉप तसाच पसरून ठेवा.